सोपा दिवस

किनाऱ्याने सायकलवर गोव्याकडे जाताना रोज ऐंशी किलोमीटर कापले, की कोकणातले चढ मांड्यांत उतरतात. म्हणून पाचवा दिवस मुद्दाम सोपा ठेवला होता. तवसाळला सायकली फेरीबोटीत चढवून शास्त्री नदीची खाडी ओलांडली. जयगडहून गणपतीपुळे जेमतेम वीसेक किलोमीटर. मला अशा दिवसाचं फार मोल वाटतं. एरवी मागे राहणारा गडीही त्या दिवशी सगळ्यांसोबत पोचतो. वाटेत मालगुंडला, केशवसुतांच्या जन्मगावी, तासभर थांबलो. रोजच्या घाईत ते गाव नुसतं मागे पडलं असतं. दुपारी मुक्कामाच्या अंगणात दोरीवर जर्सी वाळत होत्या आणि कुणीतरी जुन्या टूथब्रशने चेनच्या कड्यांमधली वाळू काढत बसलं होतं. या अंकातले प्रवासलेखही अशाच सोप्या दिवसाच्या चालीने वाचा.