रुळातला हायड्रोजन आणि वर्गातली प्रौढ माणसं

पूर्वपक्ष असा: इंजिनिअरिंगला येणारी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं कच्ची असतात. त्यांना नोट्स द्याव्यात, हजेरीचा धाक ठेवावा, मागच्या वर्षांचे पेपर सोडवून घ्यावेत. शिकणाऱ्याचा अनुभव, त्याची गरज, त्याचे प्रश्न या गोष्टी रात्रीच्या साक्षरता वर्गात ठीक.

मला हे मान्य नाही, आणि भिलाईत राहून तर कुणीच हे म्हणू नये. फेब्रुवारी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. चार वर्षांनी, 4 फेब्रुवारी 1959 ला, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. ती चालवणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी आधी भट्टी पाहिलीही नव्हती. काही जण सोव्हिएत कारखान्यांत शिकून आले. बाकीचे दुभाष्यामार्फत, भट्टीसमोर उभे राहून शिकले. आज कळलेलं उद्याच्या पाळीत लागणार होतं, म्हणून ते डोक्यात राहिलं.

"ते कामगारांचं प्रशिक्षण झालं, पदवीला सिद्धान्त लागतो," असं यावर म्हणतात. लागतोच. भिलाईचा रूळ घ्या. पोलादात विरघळलेला हायड्रोजन तसाच राहिला, तर रूळ थंड होताना त्याच्या पोटात केसासारख्या चिरा पडू शकतात. वरून काही दिसत नाही, आणि पुढे कधीतरी तो गाडीखाली तुटतो. म्हणून ओतण्याआधी पोलाद निर्वातात धरून हायड्रोजन काढतात. पहिल्याच तासाला वर्गापुढे ठेवा: निर्वातच का? उत्तरासाठी सीव्हर्ट्सचा नियम लागतो: विरघळणारा हायड्रोजन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. रूळ सावकाश थंड केल्यानं चिरा का टळतात, हे विचारलं की विसरणाचं गणित आलं. सिद्धान्त तोच, तितकाच कठीण. पण आता विद्यार्थी तो मागून घेतो.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला पटत नाहीत. 'प्रौढ आहे, त्याचं तो शोधेल' म्हणत व्हिडिओ धाडून मोकळं होणं ही कामचुकारी आहे. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी 1970 च्या पुस्तकात प्रौढांचं शिक्षण आणि मुलांचं शिक्षण एकमेकांसमोर उभं केलं होतं. 1980 च्या आवृत्तीत त्यांनीच उपशीर्षक बदलून मुलांच्या शिक्षणाकडून प्रौढांच्या शिक्षणाकडे जाणारी वाट दाखवली. एन्ट्रॉपी पहिल्यांदा भेटते तेव्हा चाळिशीचा फोरमनही नवखाच असतो. तिथे फळ्यापाशी उभं राहून पायरीपायरीनं शिकवावंच लागतं.

आता तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईनं नोकरदारांसाठी त्यांच्या सोयीच्या वेळेत पदवीचे वर्ग भरवायला वाट करून दिली आहे. दिवसपाळी करून आलेल्या माणसाला हजेरीचा धाक कोण दाखवणार?

पण खरी नासाडी होते ती डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची. त्यांतल्या काहींनी लेथवर, वेल्डिंगवर, मिलमध्ये अप्रेंटिस म्हणून दिवस काढलेले असतात, आणि आम्हांला मात्र त्यांचं कच्चं गणित तेवढं दिसतं. प्रयोगशाळेत त्यांना एकेका गटात वाटून द्या. मशीन त्यांनी समजावून सांगावं, डेरिव्हेशन बारावीहून आलेल्यानं. आणि तोंडी परीक्षेत उलट विचारा: मशीनबद्दल बारावीवाल्याला, डेरिव्हेशनबद्दल डिप्लोमावाल्याला.