वीस मुलांची शाळा

ठाणे-डोंबिवलीत मुलांच्या शाळाप्रवेशासाठी पालक रांगा लावतात; त्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील शाळांना मात्र पटसंख्येअभावी कुलूप लागण्याची धास्ती असते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव शासनाने २०२३ साली मागविले, तेव्हा राज्यात अशा चौदा हजारांहून अधिक शाळा होत्या.

लहान शाळेचे बळ मात्र लहान नसते. तेथे शिक्षक प्रत्येक मुलाला नावानिशी, घरादारासह ओळखतो. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याच्या शाळेने ग्रामस्थांच्या सहभागातून डिजिटल शिक्षणाचा वस्तुपाठ घालून दिला. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या पुढाकाराने २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली.

तथापि, कौतुकाच्या भरात उणिवांवर पांघरूण घालणे मुलांच्या हिताचे नाही. एका खोलीत अनेक इयत्ता, शिक्षक एक किंवा दोन, त्यांच्या मागे अशैक्षणिक कामांचा ससेमिरा. अशाने वाचन-गणिताचा पाया कच्चा राहतो. शिक्षकाला बहुवर्ग अध्यापनाचे प्रशिक्षण आणि वर्गात पुरेसा वेळ मिळालाच पाहिजे.

शाळा बंद केल्याने खर्च वाचेल; पण ओढा ओलांडून दूरच्या शाळेत जावे लागणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीचे शिक्षण वाचेल काय? शासनाने याचे उत्तर द्यावे. आणि कसाऱ्याच्या लोकलने या पाड्यांच्या वाटेला लागता येणाऱ्या सुशिक्षित समाजाने वर्षातील काही दिवस तरी तेथील मुलांसाठी राखून ठेवावेत.