बोट ओढण्याआधी दाराच्या चौकटीवरचा आकडा वाचा

संपादक महोदय,


आपल्या उन्हाळी अंकातला, पिकअप ट्रकने मोठी बोट ओढून नेण्यावरचा लेख वाचला. लेख हौसेने लिहिला आहे, टेक्ससच्या तळ्यांची माहितीही चांगली आहे. पण त्यातला एक हिशेब तसाच सोडून देणं मला शक्य नाही. लेखकाचं म्हणणं असं, की हल्लीचे हाफ-टन पिकअप १३ हजार पौंड ओढतात आणि चोवीस फुटी बोट ट्रेलरसकट साडेसात हजारांच्या आसपास भरते, तेव्हा ट्रकवर निम्म्याहून जरा जास्त भार पडतो आणि काळजीचं कारण राहत नाही. हा हिशेब धोक्याचा आहे. तो वाचून या मोसमात कुणीतरी बोट विकत घेईल, म्हणून सविस्तर लिहिते.

१३ हजारांचा आकडा खोटा नाही. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा ठरवायची. आता एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे-२८०७ हे मानक बहुतेक कंपन्या पाळतात. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा अकरा मैलांहून लांब चढ ट्रेलरसकट, भर उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून ठरावीक वेगाने चढावा लागतो. चाचणी कडक आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिच्यात ट्रकमध्ये माणसं किती धरतात? ड्रायव्हर आणि शेजारी एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे. मागच्या सीटवर कुणी नाही, हौद्यात बर्फाची पेटी नाही. आपल्यापैकी कोण अशा रिकाम्या गाडीने तळ्यावर जातं?

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळी-पांढरी चिठ्ठी दिसते. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. हा त्या ट्रकचा पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांचे आकडेही वेगळे निघतात, कारण सनरूफ, चामड्याच्या सीट्स, मोठी चाकं अशी एकेक चैन त्यातूनच वजा होते. चार दारांच्या, सगळ्या सोयी असलेल्या हाफ-टन ट्रकवर १,४५० च्या आसपासचा आकडा दिसला तर नवल वाटू नये. आणि लेखात ज्याचा उल्लेखही नाही ती गोष्ट म्हणजे ट्रेलरच्या तोंडाचा जो भार हिचच्या बॉलवर टेकतो, तो टंग वेट, याच आकड्यातून जातो. ट्रेलर सरळ चालायला हवा तर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा बॉलवर यावा लागतो.

लेखातलीच बोट घेऊ. कंपनीच्या पत्रकात वजन ४,५०० पौंड दिलेलं असतं, पण ते कोरडं वजन. आउटबोर्ड बोटींच्या बाबतीत त्यात बरेचदा इंजिनसुद्धा धरलेलं नसतं. तीनशे अश्वशक्तीच्या इंजिनाचे ५५० पौंड घाला. गॅसोलीन गॅलनला सहा पौंडांहून थोडं जास्त भरतं, म्हणजे शंभर गॅलनच्या टाकीचे सहाशे. दोन आसांचा ट्रेलर १,४००. बॅटऱ्या, नांगर, दोर, लाइफ जॅकेट्स मिळून ४५०. झाले साडेसात हजार. टंग वेट साडेसातशे. आता ट्रकमध्ये आई-बाबा, हायस्कूलमधली दोन मुलं आणि उन्हाळ्यात भारतातून आलेले आजोबा बसले. पाच जणांचे मिळून साडेसातशे धरा, बर्फाची पेटी आणि पिशव्यांचे दीडशे. बेरीज १,६५०. म्हणजे १३ हजारांच्या आकड्याच्या जवळपासही न जाता ट्रक आपल्या मर्यादेच्या दोनशे पौंड वर गेला. हा जादा भार मागच्या आसावर, टायरांवर आणि स्प्रिंगांवर बसतो. मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड नेमकी नको तेव्हा कमी होते.

यावर काहीजण बोट ट्रेलरवर थोडी मागे सरकवून टंग वेट कमी करतात. हे तर अजिबात करू नये. बॉलवरचा भार कमी पडला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. शेजारून अठराचाकी ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला, की ते झोके वाढत जातात.

झोक्यांबद्दल लेखातला सल्ला बोटीला लागूच पडत नाही. 'ट्रकच्या ब्रेकला हात न लावता कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबा', हे कॅम्पर ट्रेलरसाठी बरोबर आहे, कारण त्याला इलेक्ट्रिक ब्रेक असतात. बोटीचा ट्रेलर पाण्यात बुडतो, गॅल्व्हेस्टनसारख्या ठिकाणी तर खाऱ्या पाण्यात. म्हणून त्याला बहुधा हायड्रॉलिक सर्ज ब्रेक असतात. ट्रक मंदावला की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच ते लागतात. ड्रायव्हरच्या हाताशी त्यांचं बटण नसतं. झोके सुरू झाल्यावर जो माणूस ते बटण शोधत बसेल त्याचे मोलाचे क्षण वाया जातील. त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढावा, स्टिअरिंग सरळ धरावं, जोरात ब्रेक मारू नये आणि वेग आपोआप उतरू द्यावा. पुढे थांबून टंग वेट तपासल्याशिवाय निघू नये. टेक्ससमध्ये एकूण वजन ४,५०० पौंडांवर गेलं की ट्रेलरला ब्रेक असणं कायद्याने सक्तीचं आहे. जुना ट्रेलर घेताना ते नुसते बसवलेले आहेत की लागतातही, हे चालवून पाहावं.

वेगाबद्दल लेखात 'रहदारीबरोबर चला' असं म्हटलं आहे. आमच्या महामार्गांवर ७५ मैलांची पाटी असते, पण ट्रेलरचे बरेचसे एसटी टायर ६५ मैलांच्या हिशेबानेच बनवलेले असतात. टायरवर त्याहून जास्त वेगाची खूण नसेल तर ६५ ही हद्द समजावी. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना ५५ च्या वर जायची मुभाच नाही. शिवाय बोटीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ते महिनोन्महिने एका जागी उन्हात उभे असतात. टायरच्या कडेवर डॉट क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी नवीकोरी दिसली तरी असा टायर ऑगस्टच्या उन्हात भरल्या बोटीखाली ठेवू नये.

बेअरिंगचा विषय लेखात एका ओळीत संपला, आणि रस्त्याच्या कडेला अडकलेल्या बोटींमध्ये अनेकदा दोष तिथेच सापडतो. शंभर मैल पळून चाकाचं हब तापतं, आतली हवा प्रसरण पावते. तसाच ट्रेलर रॅम्पवरून गार पाण्यात उतरवला की ती हवा आकसते आणि मागच्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंगला गंज लागतो आणि पुढे कधीतरी चाक जागेवर जाम होतं. उपाय सोपा आहे: वाटेत थांबाल तिथे प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर पुढे जाऊ नका. रॅम्पवर पोचल्यावर हब निवेपर्यंत थांबा, आणि पाण्यात उतरवण्याआधी ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढून ठेवा.

टेक्ससच्या साध्या क्लास सी परवान्यावर एवढी बोट ओढता येते, वेगळी परीक्षा नाही. भारतात आपल्यातल्या बहुतेकांनी गाडीमागे कधी काही जोडलेलंच नव्हतं. म्हणून आपल्या अंकातल्या लेखावर लोक भिस्त ठेवतात, आणि म्हणूनच माझा आग्रह आहे की पुढच्या अंकात दुरुस्ती ठळकपणे छापावी. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटे असतात. कुटुंब, बर्फ, भरलेली टाकी अशी सगळी जमवाजमव करून ट्रक आणि ट्रेलर तिथे एकदा घालावा. किरकोळ पैशांत प्रत्येक आसाचं वजन छापून हातात मिळतं. आपल्या मंडळाच्या तळ्यावरच्या सहलीला जे बोट घेऊन येतात त्यांच्याकडून ही पावती आणि दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीचा फोटो आधी मागवावा, अशी सूचना मी कार्यकारिणीलाही पाठवत आहे. पावतीवरचं वजन मर्यादेत बसत नसेल तर बोट घरी ठेवावी, किंवा आजोबांना आणि मुलांना दुसऱ्या गाडीतून आणावं.

आपली,
एक वाचक, ह्यूस्टन