ग्रंथालयाचे दुसरे दार

छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्की पाहावयास आलेला प्रवासी उंचावरून कोसळणाऱ्या पाण्याकडे कौतुकाने पाहतो. परंतु ते पाणी दूरच्या डोंगरातील झऱ्यापासून मातीच्या नळांनी भूमीखालून आणलेले आहे, हे त्याच्या ध्यानी क्वचितच येते. नळ फुटले, तर धबधबाही नाही आणि चक्कीही नाही. सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचेही असेच आहे.

संकेतस्थळ नव्याने घडवायचे ठरले, की प्रथम रंगांची व चित्रांची चर्चा होते. शोभा वाईट नव्हे. पण तिचे स्थान शेवटचे. आधी पाहावे ते वाचकाचे काम. पैठणची किंवा सिल्लोडची एखादी विद्यार्थिनी एका पुस्तकासाठी एस. टी. ने शहरात येते. ग्रंथालय त्या दिवशी उघडे आहे काय, हवे ते पुस्तक तेथे आहे काय, की कोणी घरी नेले आहे, एवढे तिला निघण्यापूर्वीच कळले पाहिजे. न कळल्यास भाडे आणि दिवस दोन्ही वाया जातात. वाचकाचा वेळ वाचवावा, हे तर डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र होय.

संकेतस्थळाचा भूमीखालचा नळ म्हणजे ग्रंथसूची. यंत्राला ऱ्हस्व आणि दीर्घ ही भिन्न अक्षरे वाटतात. 'दीपावली'ऐवजी 'दिपावली' लिहिणाऱ्या मुलाला 'पुस्तक नाही' असे उत्तर मिळू नये. जवळचा शब्द यंत्रानेच सुचवावा. जुन्या फॉन्टमध्ये भरलेली मराठी नावे पडद्यावर दिसतात, पण शोधात सापडत नाहीत. ती युनिकोडमध्ये आणावी लागतात. सूचना चित्ररूपाने चिकटवल्यास अंध वाचकाचा संगणक ती वाचून दाखवू शकत नाही. ही कामे कंटाळवाणी खरी. पण खरी सुधारणा हीच.

कोणी म्हणेल, घरबसल्या सर्व कळू लागले, तर ग्रंथालयाची पायरी कोण चढेल? वस्तुतः पुस्तक तेथे आहे, ही खात्रीच वाचकाला घराबाहेर काढते. मात्र ज्याच्या हाती फोन नाही, त्याच्यासाठी छापील सूची आणि ग्रंथपालाचा प्रेमळ शब्दही राहिलाच पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळते. ते पैसे सर्वांचे. म्हणून हे दारही सर्वांचे.

नवे संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी एका बारा वर्षांच्या मुलाला आणि एका वृद्ध वाचकाला त्यावर एक पुस्तक शोधावयास सांगावे. ते जेथे अडखळतील, तेथे दोष त्यांचा न मानता उंबरठ्याचा मानावा आणि तो खाली करावा. दाराची थोरवी त्याच्या नक्षीत नसते. त्यातून किती जण आत आले, यात असते.