वारा अंगावर घेणारा

गेल्या रविवारी पहाटे गंगापूर रोडवर फिरावयास गेलो असता सायकलस्वारांचा एक जथा शेजारून गेला. सहा जण, एकामागे एक. थोड्या वेळाने सर्वांत पुढचा बाजूला सरला, इतरांना पुढे जाऊ दिले आणि स्वतः शेवटी जाऊन मिळाला. पुढे चहाच्या टपरीवर ते थांबले तेव्हा मी कारण विचारले. एक तरुण म्हणाला, “काका, पुढच्याला सगळा वारा अंगावर घ्यावा लागतो. मागच्याचे श्रम जवळजवळ एक तृतीयांशाने वाचतात. म्हणून आम्ही पाळी लावतो.”

नाशिकला सायकल नवी नाही. 2015 साली येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. आजही दोघांची नावे एकत्रच घेतली जातात.

आपल्याकडे एकदिवसीय शर्यत म्हटली की मुंबई-पुणे आठवते. तिच्यात बोरघाट सर्वप्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा वेगळा मान मिळतो. पुण्यात पहिला कोणीही येवो, घाट कोणी चढला याची स्वतंत्र नोंद होते. ही पद्धत मला फार न्याय्य वाटते.

युरोपातील व्यावसायिक शर्यतींत सायकलस्वार संघाने उतरतात. संघातील एकाने जिंकावे म्हणून बाकीचे राबतात. ते पाण्याच्या बाटल्या आणतात, वारा अंगावर घेतात, प्रसंगी म्होरक्याची सायकल पंक्चर झाली तर आपले चाक काढून देतात. 1896 साली सुरू झालेली पॅरिस-रुबे ही त्यांतील अत्यंत खडतर शर्यत. अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर, त्यात दगडी फरसबंदीचे खडबडीत टप्पे, आणि विजेत्याला चषक म्हणून मिळतो तो दगडच! 2016 साली ती मॅथ्यू हेमन या 37 वर्षांच्या ऑस्ट्रेलियन सायकलपटूने जिंकली. त्याची कारकीर्द प्रामुख्याने इतरांसाठी राबण्यात गेली होती. शर्यतीच्या काही आठवडे आधी त्याचा हात मोडला होता. तरीही अंतिम क्षणी त्याने चार वेळच्या विजेत्या टॉम बोनेनला मागे टाकले. असा दिवस सर्वच साहाय्यकांच्या नशिबी येत नाही. विजेता म्हणून नोंद एकाचीच होते. मात्र बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत वाटून घेण्याची प्रथा त्या खेळात रुजलेली आहे.

हे सारे आठवताना मला बँकेतील एक जुनी फाईल डोळ्यांसमोर आली. एका पेढीची कॅश क्रेडिट मर्यादा दरवर्षी माझ्या टेबलावरून नूतनीकरण होऊन जात असे. गल्ल्यावर थोरले बंधू बसत. धाकटे वसुलीसाठी मालेगाव, सटाणा, नांदगाव असे एस.टी.ने हिंडत. उन्हातान्हात उधारी गोळा करून आणत, म्हणूनच ते खाते कधी थकले नाही. परंतु भागीदारीपत्रात त्यांचे नाव नव्हते. “घरातलाच आहे, कागद कशाला?” असे थोरले हसून म्हणत. थोरले अकस्मात गेले. पुढच्या पिढीने कागद उघडला. कागदाप्रमाणे धाकट्यांचे काहीच नव्हते.

ते एकदा माझ्याकडे आले. तक्रार केली नाही. एवढेच विचारले, “साहेब, तुम्ही तर दरवर्षी कागद पाहत होता ना?” मी पाहत होतो. बँकेला हव्या असलेल्या सह्या पुऱ्या होत्या, म्हणून मी पुढचा प्रश्न कधी विचारला नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ ताळेबंद जुळवले. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र आजही माझ्याजवळ नाही.

वाचकहो, आपल्या बहुतेक पेढ्यांत असा कोणीतरी वारा अंगावर घेणारा असतो. कधी धाकटा भाऊ, कधी विधवा वहिनी, कधी तीस वर्षांचा मुनीम. त्याच्या आडोशाने आपण पुढे जातो आणि शेवटच्या रेषेवर आपलेच नाव पुकारले जाते. प्रेमाबद्दल शंका नसते. पण प्रेम खतावणीत दिसत नाही आणि वारसांना ते वाचता येत नाही.

म्हणून येत्या दिवाळीत नवा चोपडा पूजेस ठेवण्यापूर्वी एक काम करावे. भागीदारीपत्र कपाटातून काढून घरातील सर्वांसमक्ष वाचावे. ज्याने घाट चढवला त्याचे नाव त्यात आहे का, हे पाहावे. नसल्यास त्याचा हिस्सा, वेतन किंवा वृद्धापकाळाची तरतूद, जे योग्य असेल ते, सनदी लेखापालाच्या सल्ल्याने लिहून घ्यावे. आणि तो हयात असतानाच घ्यावे, म्हणजे त्यालाही ते वाचता येईल.