पडद्याची दोरी कोणाच्या हाती?

सभागृहातील उंच खिडक्यांचे पडदे बटण दाबताच खाली यावेत व बोधपट संपल्यावर पुन्हा वर जावेत, ही सोय आता केवळ श्रीमंतांच्या घरापुरती राहिलेली नाही. पडदा गुंडाळणाऱ्या नळीतील मोटार, दोन रिले आणि त्यांस आज्ञा देणारा लहानसा सूक्ष्मनियंत्रक एवढ्या सामग्रीवर हे काम होते. तथापि ते ज्या रीतीने सर्रास केले जाते, ती रीत मला सदोष वाटते.

क्षीण प्रवाहाने विद्युत्‌चुंबक जागा करावा आणि त्याच्याकरवी दुसऱ्या, प्रबळ मंडलाचा संपर्क जोडावा अथवा तोडावा, हे रिलेचे तत्त्व. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री ह्यांनी १८३५ च्या सुमारास ते योजिले, आणि पुढे तारायंत्राने त्यास जगभर नेले. (टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाचा घोडा देण्याच्या प्रथेवरून हे नाव पडले. भाषांतरात मी ते तसेच ठेवतो. त्यास संस्कृत वस्त्रे चढविण्याची गरज मला भासत नाही.)

आता मोटारीकडे वळू. २३० व्होल्टवर चालणाऱ्या अशा मोटारीत बहुधा दोन गुंडाळ्या असून त्यांच्यामध्ये एक धारित्र जोडलेले असते. एका तारेस फेज मिळाली की पडदा वर जातो. दुसरीस मिळाली की खाली येतो. दोहोंस एकदमच मिळाली तर? धारित्राची दोन्ही टोके एकाच विभवावर येतात, दोन गुंडाळ्यांतील प्रवाहांत कलेचा फरक उरत नाही, आणि फिरते चुंबकीय क्षेत्रच निर्माण होत नाही. थांबलेली मोटार मग जागच्या जागी गुरगुरत तापत राहते.

भिंतीवरील जुन्या जोडबटणात ह्याची तरतूद होती : एक बटण दाबले की दुसरे यांत्रिक रीतीने अडत असे. त्याच्या जागी 'वर'साठी एक व 'खाली'साठी एक असे दोन स्वतंत्र रिले आले, तेव्हा ती अटकाव करणारी पट्टीही निघून गेली. तिचे काम आज्ञावलीतील एका ओळीवर सोपविण्यात आले.

माझ्या परिचयाच्या एका वाचनालयात त्या ओळीची परीक्षा झाली. वीज जाऊन परत आली. सूक्ष्मनियंत्रक अर्धवट जागा होऊन अडकला. आज्ञावली सुरू होण्यापूर्वी त्याच्या अग्रांची स्थिती निश्चित नसते, आणि कित्येक रिले तर संकेत शून्यावर असतानाच ओढले जातात. दोन्ही रिले एकदम वाजले. ताप वाढल्यावर प्रवाह तोडणारी योजना मोटारीतच होती, म्हणून निभावले. जळका वास मात्र दोन दिवस गेला नाही.

माझे म्हणणे असे की, ही बंदी आज्ञावलीत नव्हे, तारांच्या जोडणीतच असावी. पहिल्या रिलेने प्रवाह फक्त द्यावा वा तोडावा. दुसऱ्याने, त्याच्या दुहेरी संपर्काद्वारे, केवळ दिशा निवडावी. दुसऱ्याचे पाते एका वेळी एकाच बाजूस टेकू शकते. मग आज्ञावली कितीही चुको. रिले तेवढेच, खर्च तोच. आज्ञावलीकडे उरते ते वेळ पाळण्याचे काम : दिशा बदलण्यापूर्वी प्रवाह तोडून अर्धा सेकंद तरी थांबावे, अन्यथा भारित धारित्राच्या झटक्याने संपर्कबिंदू चिकटण्याचा संभव असतो. दोन मोटारी एकाच रिलेवर समांतर जोडू नयेत, कारण एकीच्या धारित्रातून दुसरीत उलट प्रवाह शिरतो. विद्यार्थ्यांनी ही जोडणी १२ व्होल्टच्या दिव्यांवर करून पाहावी. २३० व्होल्टचे काम परवानाधारक वायरमननेच करावे.

त्या वाचनालयात वायरमनने एका दुपारी तारा बदलल्या. नंतर आम्ही मुख्य बटण दहा वेळा बंद-चालू केले. दोन वेळा दोन्ही रिले पुन्हा एकदम वाजले. पडदा अवेळी खाली आला, आणि आपल्या सीमेवर येऊन थांबला.