आठ रुपयांचं ताट



बाळाचं वजन, गरोदर बाईची नोंद, लसीकरणाच्या दिवशी घरोघर बोलावणं, पोरांचा आहार, सगळं अंगणवाडी सेविकेच्या बोकांडी. काम सरकारचं, पण सरकार तिला कामगार म्हणत नाही. पगार नाही, मानधन! एका शब्दात सगळे कामगार कायदे गाडून टाकले.

2 ऑक्टोबर 1975 ला योजना सुरू झाली तेव्हा मॅट्रिक सेविकेला महिना 150 रुपये होते. 2023 साली महाराष्ट्रात 10,000 झाले, मदतनिसाला 5,500. ही खैरात नव्हे, बायांनी संप करून ओढून घेतलेली वाढ. डिसेंबर 2023 ला त्या पुन्हा संपावर गेल्या, 52 दिवस. नोटिसा आल्या, हटल्या नाहीत.

आता पोराच्या ताटाकडे बघा. 2017 साली केंद्रानं दर ठरवला : एका पोराला दिवसाला 8 रुपये. त्यात 500 कॅलरी बसवा म्हणे. 2024 सालीही 8च. सात वर्षं तेल, डाळ, गॅस थांबले होते काय? एक अंडंच सहा-सात रुपयांना. उरलेल्या रुपयात काय शिजवायचं? मग खिचडी पातळ होते. बचत गटाची बाई किराणा उधारीवर आणते, बिल निघेपर्यंत व्याज भरते. 2004 साली सुप्रीम कोर्टानं आहारात ठेकेदार नको म्हणून सांगितलं. पण दरच परवडला नाही तर बाया आपोआप बाहेर, आणि मागच्या दारानं बडा ठेकेदार आत. हा हिशेब ओळखा.

टाकवे बुद्रुकच्या पुढं आंदर मावळात कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या वाड्या आहेत. ठोकरवाडीचं पाणी शंभर वर्षं भिवपुरीला वीज करतंय, मुंबई उजळतेय. टाकव्यात कारखाने आले. ज्यांच्या मुलखातून ही दौलत वाहते, त्यांच्या पोराच्या पोटाला 8 रुपये!

आम्ही गोदीत ओझी वाहणारे. गोदीतल्या कायम कामगाराला महागाई भत्ता आहे. निर्देशांक चढला की भत्ता चढतो. मंत्रालयातल्या साहेबालाही आहे. मग सेविकेच्या मानधनाला आणि पोराच्या ताटाला का नाही? गोठवलेला रुपया म्हणजे दरवर्षी गुपचूप केलेली कपात. ती कोण भरतं? सेविका पदरच्या पैशानं, पोर भुकेनं.

तिजोरी रिकामी आहे म्हणू नका. 1928 साली मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी ठणकावलं होतं, की या खर्चाचा मोठा भार सरकारनंच उचलायला हवा, कारण लोकांचं हित सांभाळणं हे मुळात सरकारचं काम. तेच आजही.

म्हणून मागणी साधी. आहाराचा दर दरवर्षी महागाईला बांधा. बचत गटाचं बिल महिन्याच्या महिन्याला द्या. सेविका-मदतनिसांना कामगार म्हणा, वेतन द्या. आणि तुम्ही, वाचणारे? त्या पुन्हा रस्त्यावर बसतील तेव्हा बघत जाऊ नका. शेजारी बसा.

जयभीम!